‘काही झाले नाही’ म्हणण्यापूर्वी : खेळताना मेंदूला बसणारा धक्का

(दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम व फरिदाबाद येथील मराठी कुटुंबांसमोर दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)





जानेवारी २०२५ मध्ये आपल्या दिल्लीत, इंदिरा गांधी क्रीडा संकुलात, खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत भारत विजयी ठरला. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते : प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आपल्या मातीतला खेळ राजधानीत असा गाजला, याचा आनंद आपणा सर्वांना झाला. असा विजय पाहिलेले मूल दुसऱ्या दिवशी अंगणात सूर मारून पाहणार, हे ओघाने आलेच. त्याला आपण अडवूही नये. मात्र स्पर्धेच्या मैदानावर मॅट असते आणि आपल्या सोसायटीच्या अंगणात सिमेंट असते, हे मोठ्यांनी विसरू नये.

मुलांनी खेळावे, भरपूर खेळावे, हीच आरोग्य खात्याची इच्छा आहे. आजचे बोलणे खेळ थांबवण्यासाठी नाही. खेळताना डोक्याला मार लागला, तर पुढच्या काही मिनिटांत आणि पुढच्या काही दिवसांत आपण काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

माझी एक चूक

प्रारंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक आपल्यापुढे ठेवते. मी परिचर्या शास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. वसाहतीवसाहतींमधील कबड्डीच्या सामन्यांत प्रथमोपचाराचे काम आम्हा विद्यार्थिनींकडे असे. एका चढाईत दोन मुलांची डोकी एकमेकांवर आदळली. त्यांपैकी एकाच्या भुवईवर लहानशी जखम झाली. मी ती धुतली, पट्टी बांधली, रक्त थांबले. त्या पाच-सात मिनिटांत मुलाने मला तीनदा विचारले, “ताई, स्कोअर किती झाला?” मी तीनदा सांगितले आणि त्याच्या खेळवेडाचे मला कौतुकच वाटले. संघाच्या प्रशिक्षकांनी विचारले, “खेळेल ना?” मी पट्टीकडे पाहून म्हणाले, “हो, काही झालेलं नाही.”

तो पुन्हा मैदानात उतरला. सुदैवाने त्याला दुसरा मार लागला नाही. परंतु त्या रात्री त्याला उलट्या झाल्या, डोके ठणकू लागले आणि पुढचे जवळजवळ पाच आठवडे तो शाळेत नीट बसू शकला नाही. तो पूर्ण बरा झाला. मला मात्र एक गोष्ट फार उशिरा उमगली. दुखापत भुवईवर नव्हतीच. तोच प्रश्न तीनदा विचारणे, हे तिचे लक्षण होते. ते त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि मी हसून सोडून दिले.

धक्का म्हणजे नेमके काय

डॉक्टर ज्याला कन्कशन म्हणतात, तो मेंदूला बसलेला धक्का. हा शब्द क्रिकेटच्या समालोचनातून आपल्या कानांवर आलेला आहे. गाडग्यात दही विरजले आहे अशी कल्पना करा. गाडगे जोराने हिसळले, तर ते फुटत नाही, त्याला तडाही जात नाही. आतले दही मात्र मोडते. कवटी हे ते गाडगे. मेंदू मऊ आहे आणि कवटीच्या आत द्रवात तरंगतो. डोके अकस्मात हलले, थांबले किंवा गर्रकन वळले, की मेंदू आत हिसकला जातो आणि त्याच्या पेशींचे काम काही काळ बिघडते.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली : डोक्यावर प्रत्यक्ष फटका बसलाच पाहिजे असे नाही. छातीवर जोरदार धडक बसून मान झटकली गेली, तरीही मेंदूला धक्का बसू शकतो. दुसरी : जखम, टेंगूळ किंवा रक्त दिसलेच पाहिजे असे नाही. हा खरा मुका मार आहे. तिसरी : सीटी स्कॅनमध्ये हा धक्का सहसा दिसत नाही. कवटीचे हाड मोडले आहे का, आत रक्तस्राव झाला आहे का, हे पाहण्यासाठी स्कॅन असतो. तो निर्दोष आला म्हणजे धोकादायक रक्तस्राव दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मूल लगेच खेळायला मोकळे झाले, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणखी एक समज खोलवर रुजलेला आहे : “बेशुद्ध तर पडला नाही ना, मग काळजी नको.” वस्तुतः कन्कशन झालेल्या बहुसंख्य खेळाडूंची शुद्ध मुळीच हरपत नाही. तसेच “टेंगूळ आले म्हणजे मार बाहेर आला” या म्हणण्यालाही आधार नाही. टेंगूळ त्वचेखाली येते. आत काय झाले, ते टेंगूळ सांगू शकत नाही.

तीन चेंडूंसाठी

रमण लांबा हे नाव दिल्लीच्या जुन्या क्रिकेटरसिकांच्या स्मरणात असेल. मेरठमध्ये जन्मलेला, दिल्लीकडून खेळलेला, भारतासाठी ४ कसोटी आणि ३२ एकदिवसीय सामने खेळलेला हा फलंदाज. २० फेब्रुवारी १९९८ रोजी तो ढाक्यात एक क्लब सामना खेळत होता. त्याला फलंदाजाच्या अगदी जवळ, फॉरवर्ड शॉर्ट लेगला, उभे करण्यात आले. हेल्मेट हवे का, असे कर्णधाराने विचारले. षटकाचे तीनच चेंडू उरले होते, म्हणून त्याने हेल्मेट घेतले नाही. फलंदाजाने जोराने मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला.

पुढचा भाग पालकांनी विशेष ध्यानात घ्यावा. लांबा स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. पाहणाऱ्यांना दुखापत फार गंभीर वाटली नाही. थोड्या वेळाने त्याची प्रकृती ढासळली. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाली, परंतु २३ फेब्रुवारीला, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

लांबाला झाला तो मेंदूतला रक्तस्राव; केवळ कन्कशन नव्हे. असा रक्तस्राव क्वचित होतो, आणि डोक्याला मार लागलेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत तसे काहीही घडत नाही. मग हे उदाहरण का द्यायचे? कारण पहिल्या काही मिनिटांत या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसू शकतात. दोन्हींमध्ये खेळाडू उठून उभा राहतो, चालतो, बोलतो, “ठीक आहे” म्हणतो. फरक पुढच्या काही तासांत उघड होतो. म्हणून ते तास कोणीतरी जागरूकपणे पाहणे आवश्यक आहे.

मैदानावर काय पाहावे, काय विचारावे

धडकेनंतर मूल जमिनीवर निश्चल पडून राहिले, उठायला वेळ लागला, उठल्यावर झोकांड्या गेल्या, नजर शून्यात लागली किंवा चेहरा भांबावलेला दिसला, तर मेंदूला धक्का बसला आहे असेच समजावे. मूल स्वतः सांगेल अशी लक्षणे : डोके दुखणे, चक्कर, मळमळ, अंधूक दिसणे, उजेड किंवा आवाज सहन न होणे, “कसंतरीच होतंय”, “डोकं जड झालंय”. इतरांना दिसतील अशी : तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, हळू उत्तरे देणे, आपली जागा किंवा आपली पाळी विसरणे, विनाकारण रडू येणे वा चिडणे.

शंका आली, तर साधे प्रश्न विचारावेत. आपण कोणत्या मैदानावर आहोत? आत्ता पहिला डाव चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कोणी मिळवला? मागचा सामना कोणाशी होता, आणि आपण जिंकलो का? नाव आणि पत्ता विचारून भागत नाही. भांबावलेले मूलही ते बिनचूक सांगते. उत्तरे चुकली तर शंका पक्की झाली. उत्तरे बरोबर आली म्हणून मात्र शंका फिटत नाही.

एकही लक्षण आढळले, तरी नियम एकच : खेळाडूला बाहेर काढा, आणि त्या दिवशी पुन्हा खेळवू नका. दहा मिनिटांनी बरे वाटले तरी नाही, अंतिम सामना असला तरी नाही. धक्क्यातून सावरत असलेल्या मेंदूवर दुसरा आघात झाला, तर बरे होण्याचा काळ लांबतो. क्वचित प्रसंगी, विशेषतः मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये, मेंदूला वेगाने सूज येऊन प्राणावर बेतते.

ताबडतोब रुग्णालयात न्या

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास वाट पाहू नये. ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. सुट्टीत महाराष्ट्रात गावी असाल, तर १०८ वर करावा.

• क्षणभर का होईना, शुद्ध हरपणे
• झटका किंवा आकडी येणे
• वारंवार उलट्या होणे
• वाढत जाणारी तीव्र डोकेदुखी
• गुंगी वाढत जाणे, हाक मारूनही नीट जागे न होणे
• गोंधळ, चिडचिड किंवा विचित्र वागणे वाढत जाणे
• बोलणे अडखळणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे
• हातापायांत अशक्तपणा, मुंग्या किंवा बधिरपणा
• दोन्ही बुबुळांतील बाहुल्या लहानमोठ्या दिसणे
• नाकातून वा कानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त येणे
• मान दुखणे, मानेला हात लावू न देणे

घरातील कोणी रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल आणि त्यांच्या डोक्याला मार लागला, तर लक्षणे नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मान दुखत असेल किंवा खेळाडू बेशुद्ध असेल, तर त्याला बगलेत हात घालून उचलू नये, हलवून जागे करू नये, बसते करू नये. हेल्मेट ओढून काढू नये. श्वासाला अडथळा होत असेल तरच, मान स्थिर धरून, काढावे. तोंडात पाणी घालू नये, चप्पल वा कांदा हुंगवू नये. श्वास चालू आहे ना, हे पाहावे. उलटी होऊ लागली, तर दोघातिघांनी मिळून डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. श्वास थांबल्यास छातीवर दाब देणे सुरू करावे.

आपल्या भागातील रहदारी आपण जाणताच. चोवीस तास सीटी स्कॅनची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे सामन्यापूर्वीच माहीत असावे. दिल्लीत एम्सचे जयप्रकाश नारायण अपेक्स ट्रॉमा सेंटर हे अशा जखमींसाठीच उभारलेले केंद्र आहे. परंतु द्वारका किंवा ग्रेटर नोएडाहून नामांकित रुग्णालयाच्या शोधात तास घालवण्यापेक्षा जवळची सुसज्ज सेवा श्रेयस्कर.

पहिली रात्र, पहिले दोन दिवस

धोक्याची लक्षणे नसली तरीही त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांना दाखवावे. पहिले चोवीस तास मुलाला एकटे ठेवू नये. “डोक्याला मार लागला आहे, झोपू देऊ नका,” असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. त्यामागची माया खरी आहे. पण झोप मेंदूला हवीच असते. डॉक्टरांनी तपासले असेल आणि धोक्याचे लक्षण नसेल, तर झोपू द्यावे. मधूनमधून उठवून पाहण्यास त्यांनी सांगितले असेल, तर तसे करावे. न उठणारी गुंगी आणि शांत झोप यांतला फरक आईवडिलांना सहज कळतो. शंका वाटल्यास सकाळची वाट पाहू नये.

डोके दुखत असल्यास वयाप्रमाणे पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नये. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डोक्याला तेल रगडू नये. मोठ्या खेळाडूंनी मद्य घेऊ नये आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वाहन चालवू नये. मैदानातून घरी येतानाही दुचाकी दुसऱ्याने चालवावी.

पहिले २४ ते ४८ तास विश्रांती आवश्यक आहे. तिचा अर्थ अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवणे असा नाही. घरात वावरणे, थोडे चालणे, गप्पा मारणे चालते. मोबाइल, दूरदर्शन आणि संगणकीय खेळ मात्र या दोन दिवसांत अगदी कमी करावेत.

आधी शाळा, नंतर मैदान

प्रौढ खेळाडू बहुधा दोन आठवड्यांत आणि मुले बहुधा चार आठवड्यांत सावरतात. त्याहून अधिक काळ त्रास राहिल्यास पुन्हा डॉक्टरांकडे जावे. या काळात मूल आळशी झाले, अभ्यास टाळते, असे समजून रागावू नये. वाचताना ओळ सुटणे, पाठांतर न होणे, वर्गातल्या गोंगाटाने डोके दुखणे, ही दुखापतीचीच लक्षणे असतात. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्यावी. काही दिवस अर्धा वेळ शाळा, मधे विश्रांती, चाचणीला थोडी मुदत, एवढी सवलत पुरते.

शाळेचा पूर्ण दिवस त्रासाशिवाय पार पडू लागला, की मैदानाचा विचार करावा. क्रम असा : आधी चालणे, मग हलके धावणे, मग आपल्या खेळातील धडक नसलेला सराव, मग जोमाचा सराव, त्यानंतर डॉक्टरांच्या संमतीने धडक असलेला पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यावा. त्रास वाढला तर थांबावे, आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली यावे. ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी खेळांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांनुसार खेळाडूने किमान २१ दिवस स्पर्धेत उतरू नये. जिथे संघाजवळ डॉक्टर नसतो, तिथे अशी स्पष्ट मुदत उपयोगी पडते. आपल्या गल्लीतील आणि शाळेतील खेळालाही ती लागू करण्यासारखी आहे.

हेल्मेटविषयी एक शब्द. लेदर बॉलने खेळताना फलंदाजाने, यष्टिरक्षकाने आणि जवळच्या क्षेत्ररक्षकाने ते घालावेच. ते कवटी आणि चेहरा वाचवते. मेंदूचा हिसका ते पूर्णपणे रोखू शकत नाही, म्हणून “हेल्मेट होते” हे खेळत राहण्याचे कारण होऊ शकत नाही.

निर्णय कोणी घ्यावा

ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्स मैदानावर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. संघाच्या डॉक्टरांनी त्याला तपासले, तो चाचणीत उत्तीर्ण झाला आणि पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास जाणवू लागला आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. त्याच महिन्यात लागू झालेल्या नियमानुसार मिळालेला तो कसोटी क्रिकेटमधील पहिला कन्कशन बदली खेळाडू. जगातील उत्तम वैद्यकीय पथक हाताशी असतानाही लक्षणे दुसऱ्या दिवशी दिसली. तिथे आपण पाच मिनिटांत निर्णय कसा देणार?

३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे भारत-इंग्लंड सामन्यात मुंबईकर शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू लागला. त्याच्या जागी दिल्लीचा हर्षित राणा उतरला आणि त्याने ३ गडी बाद केले. बदली खेळाडू तोलामोलाचा होता की नव्हता, यावर पुष्कळ वाद झाला. तो वाद क्रिकेटच्या जाणकारांनी करावा. आपण त्यातून एवढेच घ्यावे, की मोठ्या क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा उतरवण्याची वाट आता मोकळी आहे. आपल्या वसाहतीच्या सामन्यात मात्र अकरावा गडी कमी पडेल, म्हणून बारा वर्षांच्या मुलाला परत मैदानात ढकलले जाते.

मुलाला कधीही विचारू नये, “खेळशील ना?” ते “हो” म्हणणार. त्याला संघातली जागा गमवायची नसते, मित्रांनी रडूबाई म्हणावे असे वाटत नसते. आणि ज्या मेंदूने उत्तर द्यायचे, त्यालाच मार लागलेला असतो. प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो. वडील कडेला उभे राहून ओरडत असतात. म्हणून सामना सुरू होण्यापूर्वी एका प्रौढ व्यक्तीची नेमणूक करावी, जिला त्या सामन्याच्या निकालाशी कर्तव्य नाही. तिने बाहेर काढले, की विषय संपला. कोणी हुज्जत घालू नये. ती व्यक्ती डॉक्टरच असली पाहिजे असे नाही. वर सांगितलेली लक्षणे तिला ठाऊक असली, म्हणजे पुरे.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी शेवटचे दोन शब्द. सोबतच्या खेळाडूने तोच प्रश्न दोनदा विचारला, तो चुकीच्या बाजूला धावला, आपली जागा विसरला, तर लगेच पंचांना सांगा. ती चहाडी नव्हे. त्याला स्वतःला ते कळत नसते; ते तुम्हालाच दिसते. त्या दिवशी मलाही ते दिसले होते, पण मी पट्टीकडे पाहत होते. तुम्ही तुमच्या मित्राकडे पाहा.



(या पत्रकातील माहिती जनजागृतीसाठी आहे, ती वैद्यकीय तपासणीला पर्याय नाही. धोक्याच्या लक्षणांची यादी कापून घरात, शाळेत आणि संघाच्या साहित्यपेटीत ठेवावी. आणीबाणीचा क्रमांक : ११२.)